दूषित जमिनीवर गृहप्रकल्प : ना-हरकत पत्रावर सही करावी का?

प्रश्न : आमच्या वस्तीलगतचा रंगांचा कारखाना बंद पडला आहे. त्याच्या आवारात गाळ पुरलेला असून आमच्या विहिरींचे पाणी पिवळट येते. आता ती जमीन घेतलेला विकासक ‘माती तपासली असून रहिवाशांचे समाधान झाले आहे’ अशा पत्रावर आमच्या सह्या मागत आहे. काय करावे?

उत्तर : आहे त्या स्वरूपात या पत्रावर कोणीही सही करू नये. तुमच्या सहीने प्रदूषण दूर करण्याची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. परंतु उद्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जावे लागले, तर हेच पत्र तुमच्याविरुद्ध पुढे केले जाईल.

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीपूर्वी लोकांचे म्हणणे ऐकणाऱ्या जनसुनावणीच्या भरवशावरही राहू नका. 2006 च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेने बांधकाम व क्षेत्रविकास प्रकल्पांना त्यातून वगळले आहे. मला ही त्रुटी गंभीर वाटते, कारण दूषित मातीच्या खोदकामाची धूळ आधी शेजाऱ्यांच्याच घरात जाते.

म्हणून लेखी मार्ग धरा. 2025 च्या दूषित स्थळांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार संशयित स्थळाची माहिती मिळाल्यावर 90 दिवसांत प्राथमिक मूल्यांकन व्हावे लागते. तेव्हा जिल्हाधिकारी आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांकडे अर्ज देऊन पोच घ्या. माती तपासणीचा अहवाल शासकीय कार्यालयात सादर झाला असल्यास तो माहितीच्या अधिकारात मागवा आणि नमुने किती खोलीवरून घेतले, गाळ पुरलेल्या जागेतून घेतले का, भूजल तपासले का, हे बारकाईने पाहा. वर मुरूम पसरलेल्या जमिनीचा वरवरचा नमुना स्वच्छच येणार.

जमीन विकली म्हणून मूळ कारखानदार सुटत नाही. राजस्थानातील बिछडी गावच्या रासायनिक प्रदूषणाच्या प्रकरणात, उत्पादन थांबल्यानंतरही, माती व भूजल पूर्ववत करण्याचा खर्च सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कारखानदारांवरच टाकला.

मुदत मात्र सांभाळा. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खालील, म्हणजे पर्यावरणविषयक वाद सोडवण्यासाठीच्या, अर्जाला वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून 6 महिने मिळतात, आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस. कलम 15 खालील नुकसानभरपाई व पर्यावरण पूर्ववत करून घेण्याच्या अर्जासाठी 5 वर्षे आहेत.

प्रकल्पालाच विरोध करावा, असे माझे मत नाही. जमीन पडून राहिली तर गाळही तिथेच राहील. विकासकाला पर्यायी मसुदा द्या : रहिवाशांच्या प्रतिनिधीसमोर नमुने घ्यावेत, अहवालाची प्रत वस्तीला द्यावी, आणि स्वच्छता पूर्ण झाल्याचे मंडळाने लेखी कळवेपर्यंत पायाचे खोदकाम सुरू करू नये. या अटी त्याने मान्य केल्या, तरच सह्यांचा विचार करा.