घरी शिवलेल्या ट्रॅकसूटवर ब्रँडचा लोगो लावला, आता नोटीस आलीय

ताई, तुम्ही लिहिलंय की इचलकरंजीत घरीच लहान मुलांचे ट्रॅकसूट शिवता, होलसेलमधून इस्त्रीने चिकटणारे ब्रँडचे लोगो आणून छातीवर लावता, इन्स्टावर 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकता, आणि आता कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीय तर मिस्टर म्हणतात फाडून टाक, काही होत नाही. फाडू नका.

स्वतःच्या पोरासाठी एखादा शिवून लोगो लावला असता तर ट्रेडमार्कचा कायदा आडवा आला नसता, कारण १९९९ च्या कायद्यात मार्क धंद्यात वापरला तरच उल्लंघन होतं. तुम्ही विकताय, मग दहा पीस का असेनात, तो धंदाच.

'फर्स्ट कॉपी' लिहिलं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवलं नाही हे तुमचं म्हणणं मला कळतं, पण कोर्टात तेच उलटं तुमच्या अंगावर येणार, माल नकली आहे हे माहीत होतं असं तुम्ही स्वतःच टाइप करून ठेवलंय ना! एक अक्षर बदलून 'अबिबास' केलं तरी सुटका नाही, फसवण्याइतकं साम्य पुरतं, आणि अदिदासचे ते तीन पट्टेसुद्धा रजिस्टर्ड मार्क आहेत.

ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. लोगो हे चित्र म्हणून कॉपीराइटमध्येही येऊ शकतं, तिथल्या कलम ६३ चा गुन्हा अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. घाबरवत नाहीये, छोट्या विक्रेत्याकडून कंपनीला बहुतेकदा विक्री बंद आणि लेखी हमी एवढंच हवं असतं, पण गप्प बसलात तर केस बऱ्याचदा दिल्ली हायकोर्टात पडते आणि तिथल्या एका तारखेचा खर्च तुमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होईल.

तर आजच विक्री थांबवा. पोस्ट काढायच्या आधी स्क्रीनशॉट ठेवा, उरलेले लोगो आणि तयार पीस मोजून लिहून ठेवा, जाळू बिळू नका. होलसेलवाल्याचं बिल शोधा, कच्चं असलं तरी चालेल, माल कुणाकडून आला हे सांगता येणं कलम १०४ खाली कामाला येतं, अर्थात तुमच्या त्या 'फर्स्ट कॉपी'मुळे पूर्ण बचाव होईल असं मी म्हणणार नाही.

जुन्या ओरिजिनल जीन्सच्या पिशव्यांचं विचारलंत. विकत घेतलेली जीन्स जशीच्या तशी पुन्हा विकायला हरकत नाही, पण कापून दुसरीच वस्तू केली की ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्येच कंपनीला आक्षेप घ्यायची वाट ठेवलीय, म्हणून लेबल उसवून टाका आणि स्वतःचं नाव शिवा.

नोटिशीत मुदत दिली असेल ती पाळा आणि उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या. सोबत पाठवलेल्या हमीपत्रावर लगेच सही करू नका, त्यात नुकसानभरपाईचा आकडा बऱ्याचदा वाट्टेल तो टाकलेला असतो आणि तो बोलून कमी होतो.