‘शाउट’ म्हणजे ओरडणं नव्हे

प्रश्न असा आला आहे: एका अमेरिकी कादंबरीच्या मराठी अनुवादात कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला प्रसंग आहे. प्रवचन रंगात येतं, ऑर्गन वाजू लागतो आणि ‘पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या ओरडायला लागल्या’. मुळात ‘शाउट’ असाच शब्द आहे, मग अनुवाद चुकला असं कसं म्हणायचं?

चुकलाच आहे. ही चूक मी पुन्हा पुन्हा वाचतो: कुठे ‘ओरडल्या’, कुठे ‘किंचाळल्या’. त्या चर्चमध्ये शाउट करणं म्हणजे पवित्र आत्म्याचा संचार होऊन पाय, खांदे, सगळं अंग हलू लागणं. तोंडातून आवाज निघेल किंवा निघणारही नाही. मराठीत सरळ ‘घुमू लागल्या’ लिहावं. ‘घुमणं’ या शब्दात हुंकारही आहे आणि अंगाचं डोलणंही. ओरडणाऱ्या म्हाताऱ्या वाचून वाचकाला वाटतं, चर्चला आग लागली.

आता मुद्द्याचं. हा शब्द आला कुठून? बहुतेक कोशकार इंग्रजी क्रियापदाकडे बोट दाखवून मोकळे होतात. लोरेंझो डाऊ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर गुला भाषा बोलणाऱ्या, गुलामांच्या वंशजांमध्ये ते 1930च्या दशकात फिरले. ज्या बोलीला गोरे अभ्यासक ‘मोडकं इंग्रजी’ म्हणत होते, तिच्यात त्यांनी आफ्रिकी भाषांतले हजारो शब्द दाखवून दिले आणि 1949 साली त्यावर ग्रंथ काढला. त्यांचं म्हणणं असं की हा शाउट मुळात अरबी ‘शौत’ आहे. शौत म्हणजे मक्केतल्या काबाभोवतीचा एक फेरा. हजला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तवाफ, म्हणजे काबाभोवती फिरण्याचा विधी, सात शौतांचा असतो.

हे वाचलं की मला आजही आनंद होतो, कारण त्या बेटांवरचा जुना विधी पाहिला तर शब्द अगदी चपखल बसतो. त्याला ‘रिंग शाउट’ म्हणतात. प्रार्थना संपली की बाकं भिंतीला सरकवायची. एक जण गाणं उचलतो, मागचे झील धरतात, एक जण काठीने किंवा झाडूच्या दांड्याने लाकडी जमिनीवर ठेका धरतो आणि उरलेले एकामागून एक, पाय घासत, गोल फिरतात. पाऊल जमिनीवरून जवळजवळ उचलायचंच नाही. फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. तवाफही त्याच दिशेने असतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: या मंडळींच्या बोलण्यात ‘शाउटर’ म्हणजे फिरणारे. गाणाऱ्यांना वेगळी नावं आहेत. शब्द जर घशातून निघाला असता, तर तो गाणाऱ्यांना चिकटला नसता का?

यावर ‘शाउटिंग मेथडिस्ट’ म्हणवल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांचे मेळावे पुढे केले जातात. ते खरोखर ओरडत असत, मान्य. पण पाय घासत गोल फिरणाऱ्यांना तेच नाव का पडलं, याचं उत्तर त्यात नाही. दुसरा आक्षेप इतिहासकार स्टर्लिंग स्टकी यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन येतो: हा फेर काँगोच्या लोकांचा, तिथे सूर्याची आणि जिवाची फेरी अशीच उलट्या दिशेची. असेल ना! विधी काँगोचा आणि शब्द अरबी, यात विसंगती कुठे आहे? विधीची वंशावळ सांगून शब्दाची व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, एवढं तरी अभ्यासकांनी पाळावं. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांत मुसलमान पुष्कळ होते. जॉर्जियाच्या सपेलो बेटावर बिलाली मोहम्मद नावाचा गुलाम होता. त्याने अरबी लिपीत लिहिलेली छोटी वही आजही जॉर्जिया विद्यापीठात आहे. सपेलो येतं मॅकिंटॉश काउंटीत, आणि रिंग शाउट परंपरेने टिकवणारी बोल्डन या वस्तीतली मंडळी त्याच काउंटीतली. 31 डिसेंबरच्या रात्री तिथे शाउट करून नवं वर्ष आत घेत.

काठी आणि पाय का, हेही सांगायला हवं. 1739 साली स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत. पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलायनाने कायदा करून गुलामांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी घातली. ढोल गेला, तसं जमिनीलाच ढोल केलं. या विधीला नुसतं ‘लोकनृत्य’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

‘नृत्य’ तर म्हणूच नका. पायावरून पाय गेला की तो नाच, आणि नाच म्हणजे देहाचं पाप, असा कडक नियम होता. पाय नुसते घासले तर भक्ती, ओलांडले तर वासना! तरीही बिशप डॅनियल पेन यांच्यासारख्या शिकलेल्या कृष्णवर्णीय धर्मगुरूंना हे फेर रानटी वाटले. 1870च्या दशकात ते जाऊन लोकांना थांबवत. गोरे काय म्हणतील, ही भीती त्यामागे होती. त्या भीतीचं कारण मला कळतं, पण तिने फार माणसांचं नुकसान केलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या 1963च्या वॉशिंग्टन मोर्चाची सगळी बांधणी बेयार्ड रस्टिन या कार्यकर्त्याची. ते समलिंगी म्हणून प्रमुखपद त्यांना नको, असं चळवळीतल्याच रॉय विल्किन्स यांनी धरलं. ज्येष्ठ कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ प्रमुख झाले आणि त्यांनी काम रस्टिनकडेच ठेवलं, म्हणून मोर्चा झाला.

देह आणि देव यांच्यात मारलेली ही रेघ भाषेने मात्र कधीच मानली नाही. ‘रॉक’ घ्या. 1867 साली छापलेल्या गुलामांच्या गीतांत आत्मा अब्राहमच्या कुशीत ‘रॉक’ होतो, झुलतो. 1922 साली गायिका ट्रिक्सी स्मिथच्या ब्लूजमध्ये तोच शब्द थेट शेजेवर जातो. आणि डिस्को गायक सिल्व्हेस्टर? लॉस एंजेलिसच्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये, जिथे शाउट रोजचाच, हा मुलगा गाऊ लागला. समलिंगी म्हणून तिथे राहणं अशक्य झालं. 1978 साली त्याने डिस्कोवर तोच चढा आवाज लावला आणि चर्चने नाकारलेले कितीतरी जण त्यावर घुमले. मी ‘घुमले’ हाच शब्द वापरणार, ‘नाचले’ अपुरा पडतो.

‘रिंग शाउट’साठी ‘फेर’ घ्यावा. ‘प्रदक्षिणा’ मलाही मोहात पाडते, पण ती देवाला उजवीकडे ठेवून घालतात आणि हा फेर उलट्या दिशेचा आहे, तेव्हा ती नको.