कुत्र्याला औषध लावलं, तरी घरात पिसवा परत का येतात?
कारण कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त घरात असतात. अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, गळून पडतात: सतरंजीत, फरशीच्या फटीत आणि आपल्या सोलापुरात हमखास कुत्र्याखाली अंथरलेल्या जुन्या चादरीत. ती चादर दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका (सोलापुरी आहे, रंग टिकेल, ऊन तर फुकटच). कोपरे रोज झाडा, कचरा लगेच बाहेर. कोषातल्या (म्हणजे अळीची पिसू होत असताना आवरणात बंद असलेल्या) पिसवांवर फवारणी फारशी चालत नाही, म्हणून दोन-तीन महिने चिकाटी हवी. औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, घरातल्या सगळ्याच कुत्र्या-मांजरांना. फक्त कुत्र्याचं परमेथ्रिनवालं (हे एक कीटकनाशक) औषध मांजरीला चुकूनही लावू नका, तिच्या जिवावर बेततं.