एसएनएफ ८.२ च्या वर जात नाही? आधी गव्हाण बघा

प्रश्न (फलटण तालुका): तीन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत, रोज ४० लिटर दूध जातं. फॅट ३.५ लागते, पण एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) ८.१-८.२ च्या वर जात नाही. पाण्याचा थेंब घालत नाही, तरी दर कापतात. चारा सध्या उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला), गाईमागे चार किलो गोळी पेंड. काय करावं?

उत्तर: गाळप सुरू झालं की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं बरंचसं उत्तर तुमच्याच चाऱ्याच्या वाक्यात आहे. वाढ्यात प्रथिनं फार कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. पोट भरतं, पण अंगी लागत नाही. त्यात रोज १३-१४ लिटर देणाऱ्या गाईला चार किलो पेंड अपुरी आहे. अडीच लिटर दुधामागे एक किलो आणि शरीरपोषणाला दीड किलो धरा. निकृष्ट चाऱ्यावर हा हिशोब सात किलोच्या आसपास जातो.

फक्त एकदम वाढवू नका, अपचन होऊन गाय चाराच सोडेल. दहा-बारा दिवसांत थोडी थोडी वाढवा आणि दोन-तीन वेळांत विभागून द्या. सगळी गोळी पेंड घेण्यापेक्षा त्यात मक्याचा भरडा आणि सरकी पेंड बसवली तर ऊर्जा व प्रथिनं दोन्ही मिळतात. वाढं निम्म्यावर आणा. उरलेल्या जागी मक्याचा मुरघास, थोडा लसूणघास, सोबत कडबा कुट्टी. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, न चुकता. फरक दोन-तीन आठवड्यांनी दिसेल, दुसऱ्या दिवशी डेअरीत जाऊन मशीनकडे बघू नका.

तिघींचं दूध एकाच किटलीत जात असेल तर दोष कुणाचा ते कळणार नाही. प्रत्येकीचा नमुना वेगळा लावा. एखादीचाच एसएनएफ पडलेला निघाला तर छुपा कासदाह धरून चाला. सड सुजलेला नसतो, दुधात गाठी नसतात, म्हणून लक्षात येत नाही. सीएमटी (कासदाह ओळखायची चाचणी) करा: तिच्या पॅडलच्या, म्हणजे चार खणांच्या ताटलीच्या, प्रत्येक खणात एकेका सडाचं दूध घेऊन सीएमटीचं द्रावण टाका आणि हलवा. दूध शेंबडासारखं दाट झालं तर तो सड बाधित. प्रतिजैविक मात्र डॉक्टरांना विचारूनच. भर दुधातल्या गाईचा एसएनएफ मुळात कमीच असतो, तिला दोष देऊ नका.

आता मोजमापाचं. धार काढल्या काढल्या लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजायची नळी) लावला तर डिग्री, म्हणजे त्यावरचा आकडा, कमी दाखवते, कारण दुधात हवा असते. दूध तासभर ठेवून, तापमान बघून मग मोजा. मशीन साफ केलेलं नसेल तरी आकडा फिरतो. शंका असेल तर तोच नमुना दुसऱ्या केंद्रावर लावून बघा. काट्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करता येते. राज्य सरकारच्या २०२४ च्या गाय दूध अनुदान योजनेत ३.५ फॅट / ८.५ एसएनएफच्या खाली प्रत्येक पॉइंटला (०.१ ला) लिटरमागे ३० पैसे वजावट ठरली होती. त्या हिशोबाने तुमचे तीन पॉइंट म्हणजे दिवसाला ३६ रुपये. पॉइंटला रुपया कापला तर १२०. म्हणून पावतीवर कपातीचा दर लिहून मागा.

साखर, मीठ किंवा पावडर टाकून डिग्री वाढवायचा सल्ला गावात कुणीतरी देतोच. ती भेसळ आहे, आणि सापडलात तर खातं बंद होईल, गुन्हाही होईल.

प्रश्न: दुधाचं अनुदान पुन्हा मिळणार का? गाईच्या कानात बिल्ला नसेल तर?

उत्तर: जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये, जुलैपासून ३० रुपये दर अधिक ५, ऑक्टोबरपासून २८ अधिक ७ असं ते होतं. पैसे थेट खात्यात आले, पण ज्यांच्या गाईंना बिल्ला आणि भारत पशुधन प्रणालीवर (जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद होती त्यांनाच. मागच्या वेळी यातच बरेचजण अडकले. पुढची योजना आली तरी हीच अट राहील असं धरून आजच जनावरांच्या दवाखान्यात जा. बाजारातून आणलेल्या गाईच्या कानात बिल्ला असतो, पण नोंद जुन्या मालकाच्या नावावर राहून जाते. व्यवहाराचे पैसे देण्याआधी ते नाव बदलून घ्या.