पान येईल, पण किती मोजून?

प्रश्न : आम्ही मित्र नुसत्या चिप्स लावून टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो. कोणता हात कोणावर वरचढ हे पाठ आहे, तरी चिप्स आधी माझ्याच संपतात. परवा हातात बदामाची अठ्ठी-सत्ती होती. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर आधी उघडणाऱ्या तीन पानांत, बदामाचा राजा, बदामाची दुर्री आणि किल्वरची राणी उघडली. अशा वेळी फ्लश, म्हणजे पाचही पानं बदामाची, ३५ टक्के वेळा लागतो असं ऐकलं होतं, म्हणून कॉल करत, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स घालत राहिलो. बदाम काही आलं नाही. उलट एक्क्यांची जोडी असली की समोरचा पळू नये म्हणून मी थोडंच लावतो, तेही अंगाशी येतं. चेहरा कोरा कसा ठेवावा, हेही सांगा.

उत्तर : ३५ चा आकडा खरा आहे, पण तो पुढे येणाऱ्या दोन पानांचा मिळून. तुम्ही कॉल केलात तो एका पानासाठी. न दिसलेली पानं ४७, त्यांत बदामाची ९. म्हणजे पुढच्या पानावर फ्लश लागण्याची शक्यता १९ टक्के. समजा पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, १०० होता आणि समोरच्याने १०० लावले. तुम्ही १०० घातलेत की पॉट ३०० होतो. तुमचा वाटा त्यातला एक तृतीयांश. ३३ टक्क्यांचा भाव देऊन १९ टक्क्यांचा माल घेतलात! टर्नवर, म्हणजे चौथं पान उघडल्यावर, त्याने २०० लावले आणि तुम्ही पुन्हा २०० दिलेत. आता पॉट ७००, भाव जवळजवळ २९ टक्के आणि शक्यता जेमतेम २०. ३५ टक्के केव्हा धरायचे? फ्लॉपवरच ऑल-इन झालं, म्हणजे सगळ्या चिप्स लावून झाल्या आणि पुढे काही द्यायचं उरलं नाही, तेव्हा. फ्लश लागल्यावर तो आणखी चिप्स देईल, ही आशा थोडी धरता येते. पण टेबलावर तिसरं बदाम दिसलं की जाणता खेळाडू सहसा हात आखडतोच. मीही बरीच वर्षं ‘एकच रंग आहे ना’ म्हणत असेच कॉल केले आहेत, तेव्हा लाजू नका.

आता हाच हिशेब उलटा मांडा. एक्के तुमच्याकडे, फ्लश शोधणारा समोर. १०० च्या पॉटमध्ये तुम्ही २० लावलेत, तर त्याला १४० तल्या २० चाच, म्हणजे १४ टक्क्यांचा भाव पडतो. शक्यता १९ टक्के. तो कॉल करणारच, आणि त्याचं बरोबरच आहे. ६० लावा, भाव २७ टक्क्यांवर जातो. मग तो पळाला तर पळू द्या. राहिला तर महागात राहिला.

चेहऱ्याचं म्हणाल, तर तो हसरा ठेवलात तरी चालेल. हात भक्कम असला की तुम्ही थोडं लावता, हे तुमच्या मित्रांना एव्हाना कळलंच असणार. महिनाभर फ्लॉपवर लावायचं ठरलं, की हात कसाही असो, पॉटच्या दोन तृतीयांशच लावा.