हर-टू '३+' म्हणजे तिसरी स्टेज का? आणि हृदयाची इको कशासाठी?

तुम्ही विचारलंय की आईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत 'हर-टू ३+' आलंय, म्हणजे कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेला का, आणि डॉक्टर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कशाला करायला सांगतात.

३+ चा स्टेजशी काहीही संबंध नाही, ते गाठीच्या पेशींवर हर-टू किती आहे याचं माप. मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये याच स्लाइड्सवर काम करते. या गैरसमजापायी घरच्यांची झोप उडालेली पाहिली की जीव तुटतो.

हर-टू हा पेशीच्या आवरणावरचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, आपल्या सगळ्यांच्याच शरीरात असणारा. शेजारच्या हर-थ्रीसारख्या रिसेप्टरशी त्याची जोडी जमली की पेशीला वाढण्याचा, तगून राहण्याचा निरोप जातो. काही गाठींमध्ये १७व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या दोनाऐवजी कितीतरी प्रती होतात, आवरणावर रिसेप्टरांची दाटी होते आणि हा निरोप थांबतच नाही. रंग चढवलेल्या स्लाइडवर ३+ लगेच ओळखू येतं: आत निळं केंद्रक आणि पेशीच्या कडेने जाड, अखंड तपकिरी कडं. २+ मध्ये ते फिकट असतं, म्हणून फिश तपासणीत जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात.

असे कॅन्सर जास्त आक्रमक असतात हे अमेरिकी कॅन्सर संशोधक डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं. पण १९९८ साली याच रिसेप्टरला जाऊन चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं आणि चित्र पालटलं. आईला ते लागू पडण्याची शक्यता ३+ मुळेच आहे. भारतात त्याची बायोसिमिलर, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेली तशीच औषधं, हीसुद्धा मिळतात, खर्चाची काळजी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता इकोचं. हृदयाच्या स्नायुपेशींनाही ताण सोसायला हाच रिसेप्टर लागतो. उंदरांच्या हृदयातून तो काढून टाकला तेव्हा हृदय फुगून कमकुवत झालं. त्यामुळे औषधाची झळ हृदयाला लागू शकते, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध दिलेलं असेल तर जास्तच. वेळीच लक्षात आलं तर औषध थांबवून पंपिंग बहुतेकदा सुधारतं. म्हणून उपचाराआधी एक इको आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. 'आईला बरं वाटतंय' म्हणून मधली एखादी टाळू नका. धाप लागली किंवा पाय सुजले तर तारखेची वाट न बघता लगेच कळवा.

तुम्ही कोपरखैरण्याला राहता, खारघरचं टाटाचं कॅन्सर केंद्र ॲक्ट्रेक जवळ आहे. तिथे दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून स्लाइड्स आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्या.