351 मार्क आणि साताऱ्याची जमीन

प्रिय मावशी,
मी कळव्यात खारेगावला राहते. नीटचा हा दुसरा प्रयत्न. 2024 ला 372 मार्क होते, मग वर्षभर ड्रॉप घेतला आणि 2025 ला 351. बाबा म्हणतात, वर्ष घालवलंस आणि मार्कही घालवलेस. सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये निकाल विचारतात, म्हणून मी सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरते. वाशीचा एक एजंट म्हणतो, मुलगी क्वालिफाय आहे, परदेशात एमबीबीएस नक्की, सहा वर्षांचे 35 लाख. त्यासाठी बाबा आजीच्या नावावरची साताऱ्याची जमीन विकायला निघालेत. रविवारी एजंटला टोकन द्यायचंय. गेल्या वर्षी आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फिजिओथेरपीच्या मॅडम घरी यायच्या. मी त्यांच्या हाताखाली सगळं शिकले, आजी आता वॉकर सोडून चालते. मला ते फार आवडलं होतं, पण ‘डॉक्टर’ व्हायचं सोडून हे करू का? एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा, दाखलाही काढायचा राहिलाय. मी काय करू?

*

बाळा,

आधी रविवारचं टोकन थांबव. बाकी सगळ्याला वेळ आहे. दिलेले पैसे एजंटकडून परत मिळवणं मात्र फार जिकिरीचं असतं.

तुझ्या पत्रात मार्क आहेत, रँक कुठेच नाही. दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं शेजारीशेजारी ठेव आणि फक्त ऑल इंडिया रँक वाच. 2024 ला 720 पैकी 720 मिळवणारी मुलं होती. 2025 ला फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलं, देशात पहिल्या आलेल्या मुलाचे मार्क होते 686. ओपनची पात्रतेची रेषासुद्धा 162 वरून 144 वर घसरली. अशा वर्षातल्या 351 ची रँक तुझ्या आधीच्या 372 च्या रँकपेक्षा बरीच वर असणार. तू वर्षभर अभ्यास केलास आणि तो कागदावर दिसतोय. बाबांना हे दोन आकडे दाखव. रागावलेला माणूससुद्धा छापील आकडा वाचतो. आणि लिफ्टने जा गं. कुणी विचारलं तर “यादी लागायची आहे” एवढं सांगितलं की पुरे. तुझी रँक कळण्याचा त्यांना काही हक्क नाही.

आता जे ऐकायला जड जाईल तेही सांगते. 2025 ला 22 लाखांवर मुलांनी नीट दिली, 12 लाखांवर पात्र ठरली आणि देशात एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे ‘क्वालिफाय’ होणं ही नुसती रांगेत उभं राहायची परवानगी आहे. एजंट मंडळी आईबापांना तीच सीट म्हणून विकतात. तुझ्या घराजवळचं कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज 351 ला मिळणार नाही, एसईबीसीतूनही नाही. खासगी कॉलेजची राज्य कोट्यातली सीटही मी धरून चालणार नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम अभिमत विद्यापीठं आहेत. तिथल्या एमबीबीएसच्या जागा दिल्लीच्या एमसीसीतून, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीतून, भरतात आणि फी वर्षाला 20 लाखांच्या वर जाते. तो विषय तुमच्या घरापुरता सोडून दे.

परदेशाबद्दल मी सरसकट नको म्हणत नाही, तिथून शिकून आलेले चांगले डॉक्टर आहेत. पण राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे 2021 चे नियम कडक आहेत. कोर्स किमान 54 महिन्यांचा आणि सगळा एकाच संस्थेत, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, वर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, आणि त्या देशात तिथल्या नागरिकांसारखी प्रॅक्टिस करता येईल अशी पदवी. इकडे परत आल्यावर परीक्षा द्यायची आणि पुन्हा 12 महिने इंटर्नशिप करायची. सध्याची परीक्षा म्हणजे एफएमजीई, 300 मार्कांची, पास व्हायला 150. तिच्यात नापास होणारे पास होणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि नापास झालेल्याला इथे डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. बाबांनी एजंटकडे या प्रत्येक अटीचं उत्तर कॉलेजच्या लेटरहेडवर मागावं. “साहेब, सगळं होऊन जातं” असं उत्तर आलं, की तिथून उठायचं.

मला खरं थांबवलं ते तुझ्या आजीच्या वॉकरने. तू एमबीबीएससाठी झटलीस, पण पत्रात ते का हवंय ते एका ओळीतही आलेलं नाही. आजी चालायला लागली हे मात्र न विचारता सांगितलंस. फिजिओथेरपी म्हणजे डॉक्टरकी हुकल्यावरची समजूत नव्हे. ऑपरेशन करणारा सर्जन हाड बसवून जातो, पण पडण्याची भीती मनात घेऊन बसलेल्या म्हातारीला पलंगावरून उठवून पहिलं पाऊल टाकायला लावणं हे वेगळं कसब आहे. तू ते जवळून पाहिलंयस. सुरुवातीचे पगार कमी असतात आणि नातेवाईक “म्हणजे मसाजच ना?” असं विचारतील, हेही तयारीत धर. ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत एखाद्या फिजिओथेरपी ओपीडीत परवानगी काढून दोन-चार दिवस बसून ये. आजीवर माया असते, अनोळखी पेशंटवर ती लगेच येत नाही. तिथेही मन रमलं तर बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, बिनधास्त घे.

राज्याच्या सीईटी कक्षाचा फॉर्म मात्र भरच. एमबीबीएस, बीएएमएस-बीएचएमएस आणि बीपीटीएच यांचे पसंतीक्रम वेगवेगळे भरावे लागतात. एका गटाची आशा सुटली म्हणून दुसऱ्याची तारीख चुकवणारी मुलं दरवर्षी असतात, तू त्यांच्यात नको. आणि जिथे शिकायचं नाही ते कॉलेज यादीत टाकू नकोस.

दाखल्याचं उद्याच बघ. एसईबीसीबरोबर नॉन-क्रिमीलेयरही लागतं. घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या एसईबीसी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची फी राज्य सरकारने 2024-25 पासून माफ केली आहे. मॅनेजमेंटच्या जागेला आणि अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही. 35 लाखांचा हिशोब मांडण्याआधी हा कागद हातात असायला हवा.

तिसरा प्रयत्न? नीट कितीही वेळा देता येते, म्हणून तर मुलं त्यात अडकतात. उत्तरतालिका आणि तुझी ओएमआर उत्तरपत्रिका घेऊन बस, किती प्रश्न चुकले आणि उणे किती गेले ते मोज. निम्मे मार्क बायोलॉजीचे, 360. तिथेच मोठी गळती असेल तर सुधारायला जागा आहे. तरीही पुन्हा वर्षभर घरात बसून ड्रॉप घेऊ नकोस असंच मी म्हणेन. जिन्याने उतरणाऱ्या मुलीला आणखी एक एकटं वर्ष झेपणार नाही.

शनिवारी रात्री जेवणं झाली की बाबांशी बोल. आई हवी, आणि आजी तर हवीच. जमीन तिच्या नावावर आहे आणि अजून तिला कुणी विचारल्याचं तुझ्या पत्रात दिसत नाही. बाबा जमीन विकायला निघालेत ते तुझ्यावरच्या जिवापोटी, तेव्हा “मला परदेशी जायचं नाही” इथून सुरुवात करू नकोस. “बाबा, माझ्यासाठी जमीन विकू नका” असं आधी म्हण, मग दोन स्कोअरकार्डं आणि एजंटला विचारायचे प्रश्न पुढे ठेव. ते चिडले तर चिडू देत. रविवारी टोकन गेलं नाही, एवढंच त्या रात्री साधायचं आहे.

पहिली यादी लागली की मला कळव.

तुझी मावशी